थोरलीचे खिळे

थोरलीची किल्ली आत्याकडून काढून घेतली, तेव्हा तिला रीतसर पोच देण्यात आली. ‘किल्ली, नग एक, जुनी, गंजलेली.’ किल्ली गंजलेली मुळीच नव्हती. एकेचाळीस वर्षं ती आत्याच्या कमरेला होती, आणि आत्याच्या कमरेला लटकणाऱ्या वस्तूवर चढायची गंजाची काय बिशाद!

थोरली म्हणजे नगरभवनातलं यंत्रवाद्य. दोन कपाटं शेजारी शेजारी ठेवावीत एवढं रुंद. आत चामड्याचा भाता, छपन्न लाकडी नळ्या, एक ढोल, एक झांज आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारा, पिंपाएवढा जाड लाकडी रूळ. मागचा दांडा फिरवला की भात्यात हवा भरायची, रूळ फिरू लागायचा आणि रुळावर ठोकलेले बारीक खिळे एकेक पट्टी उचलून एकेका नळीचं तोंड उघडायचे. खिळा आला की सूर, नाही आला की गप्प. सूर लांबवायचा असेल तिथे खिळ्याऐवजी तारेची छोटी कमान ठोकलेली. ती पट्टीखालून सरकून जाईपर्यंत नळी गात राहायची.

म्हणजे धून होती ती खिळ्यांत. कागद एकदा होता. आत्याच्या वडिलांनी तो रुळावर चिकटवला, त्यावरच्या खुणांवर खिळे ठोकले आणि या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे मग पाण्याने भिजवून काढून टाकला. प्रत्येकाच्या खिशात गाणं साठवणारं यंत्र येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांच्या धुना दुरुस्त केल्या. स्वतःची अशी ही एकच रचली. ती त्या रुळावर होती आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हती.

तर नगरभवनाची सुशोभन समिती झाली, आणि देखभाल करणाऱ्याने अर्ज करायचा असं ठरलं. अर्जाला अनुभवाचा दाखला हवा.

“कुणाचा?” आत्याने विचारलं.

“ज्यांच्या हाताखाली काम शिकलात त्यांचा.”

“ते माझे वडील. जाऊन सव्वीस वर्षं झाली.”

कारकुनाने नियम पुन्हा वाचला. “त्यांच्या गैरहजेरीबद्दल इथे काही म्हटलेलं नाही. सही मात्र ताजी लागेल.”

अर्ज नामंजूर झाला. थोरलीभोवती कापड लागलं आणि दोन महिने आतून ठोकठोक ऐकू येत राहिली. आत्या रोज बाजारातून येताना वाट वाकडी करून नगरभवनावरून जायची आणि घरी येऊन वहिनीवर चिडायची.

वहिनी म्हणजे आत्याच्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून, एकतीस वर्षं, दोघी एका घरात राहत होत्या. खालच्या खोलीत अर्ध्या भागात आत्याचं दुरुस्तीचं टेबल, अर्ध्यात वहिनीचं शिवणयंत्र, आणि मधोमध जमिनीवर खडूची रेघ. रेघ वहिनीने मारली होती. आत्याचं तेल कापडाला लागतं, हे तिचं कारण. वहिनीचे दोरे चाकांत जातात, हे आत्याचं. रेघ पुसट झाली की जी आधी पाहील ती ती पुन्हा गडद करायची.

उद्घाटनाला सतरा दिवस उरले तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी आत्याला बोलावणं धाडलं. माणूस तसा दिलदार. अर्ज नाकारला म्हणून काय झालं, कौतुक करायला तरी बोलवावं, एवढं त्यांना कळत होतं.

“या आत्या, या! ओळखा पाहू कोण ही!” आणि त्यांनी कापड ओढलं.

थोरली नव्या नवरीसारखी चमकत होती. चौकटीला सोनेरी रंग, नळ्यांना आरसा वाटावा असं पॉलिश. मागचं दार मुद्दाम उघडं ठेवलेलं. आत्याने आत वाकून पाहिलं आणि तिला वाटलं, आपल्या डोळ्यांत काहीतरी गेलंय. तिने पदराने डोळे पुसले. परत पाहिलं.

“हात फिरवून बघा,” अध्यक्ष म्हणाले. “लोणी आहे लोणी!”

“खिळे?” आत्या कशीबशी म्हणाली. “खिळे कुठे गेले?”

“काढले!” अध्यक्षांची छाती दोन बोटं पुढे आली. “दोन हजार तीनशे सतरा. सुताराने एकेक मोजून काढला, अहवालात आकडा आहे. भोकं बुजवली, वर पॉलिश. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात येऊ नये, म्हणजे कमाल आहे! एवढं देखणं लाकूड आणि त्यात कुणीतरी खिळे ठोकून ठेवलेले.”

“कुणीतरी म्हणजे माझे वडील.”

“असू द्या हो,” अध्यक्षांनी मोठ्या मनाने माफ करून टाकलं. “त्या काळी लोकांना एवढी जाण नव्हती.”

आत्याने दांडा धरला आणि फिरवला. भात्याने श्वास घेतला. रूळ फिरला, गोल, गुळगुळीत, एकाही पट्टीला न शिवता. पूर्ण एक फेरा झाला. छपन्न नळ्यांपैकी एकीनेही तोंड उघडलं नाही.

“किती शांत चालतंय ना!” समितीतल्या बाई म्हणाल्या. “आधी आतून केवढी टकटक यायची.”

अध्यक्षांना मात्र काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग त्या काढून टाकल्या. “आवाजाचं म्हणता ना? ते शेवटी बघायचंच होतं. आत ग्रामोफोन बसवू. छानपैकी एखाद्या कवायतीच्या बँडची तबकडी. आणि उद्घाटनाला दांडा तुम्हीच फिरवायचा, आत्या. नुसता फिरवायचा. परंपरेचा मान!”

आत्या घरी कशी आली ते तिचं तिलाच कळलं नाही. आली ती खडूच्या रेघेवरच बसली.

“मेलं कोण?” वहिनीने शिवण न थांबवता विचारलं.

“धून.”

सगळं ऐकल्यावर वहिनीचं चाक थांबलं. “शेंबड्याने काढले? खिळे?” अध्यक्ष शाळेत तिच्या वर्गात होते आणि तेव्हाचं त्यांचं नाक ती आजतागायत विसरली नव्हती. “त्याला तर मी दुसरीतच ओळखलं होतं. माझी पाटी स्वच्छ करून देतो म्हणाला आणि सगळी गणितं पुसून ठेवली.”

“बाबांनी सहा महिने ठोकली होती ती. आता काय राहिलं? ओंडका.”

“भोकं राहिली.”

“बुजवली म्हणते ना!”

“बुजवली म्हणजे कुठे गेली?” वहिनीने हातातलं कापड उजेडाला धरलं. “हे बघ, ही बाही मी काल उसवली. दोरा नाही, पण टाक्यांची भोकं दिसतात की नाही? त्याच भोकांतून परत शिवते मी. ऊठ. रेघ पुसतेयस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार दारात उभा. त्याला रात्रभर झोप नव्हती. हातात पत्र्याचा डबा, मान खाली.

“आत्या, मला म्हणाले साफ कर. मी साफ केलं. मला काय ठाऊक, खिळ्यात गाणं असतं ते?”

“फेकले?”

“खिळे?” सुताराला पहिल्यांदाच राग आला. “आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी खिळा फेकला नाही.” त्याने डब्याचं झाकण उघडून दाखवलं. खिळे होते, सगळे होते. वर अभिमानाने म्हणाला, “बरेच वाकडे होते. दोन्ही टोकांनी आत वळलेले. बसून एकेक सरळ केला.”

आत्याने कपाळावर हात मारला. त्या कमानी होत्या.

तरी सगळं बुडालं नव्हतं. पॉलिशचा दुसरा हात द्यायला म्हणून किल्ली सुताराकडेच होती, आणि दुपारी नगरभवनात चिटपाखरू नसायचं. पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवला की पुट्टीचे पांढरे ठिपके लाकडात उमटत. सुतार घासायचा, आत्या ठोकायची, वहिनी पक्कडीने तारा पुन्हा वाकवायची. एकटा ठिपका म्हणजे साधा खिळा, यात वाद नव्हता. एकाच ओळीत दोन ठिपके आले की मात्र पंचाईत. दोन वेगळे खिळे, की एका कमानीचे दोन पाय? लाकूड सांगत नव्हतं. ते आठवावंच लागे.

आणि आठवणार दोघी. त्याही या दोघी!

“इथे लांब आहे,” वहिनी म्हणायची.

“इथे दोन आहेत.”

“मी गुणगुणून दाखवते.”

“नको. ढोल फाटेल.”

सुतार मधे बसून दोघींकडे आळीपाळीने बघायचा. त्याला आपलं घर आठवायचं आणि बरं वाटायचं.

वाद झाला की बहुतेक वेळा दोघींपैकी एकीला आठवायचंच. ढोलाच्या आधी सूर खेचलेला असतो, कारण तिथेच आत्याचा भाऊ दर रविवारी बाकावर ताल धरायचा आणि दर रविवारी चुकायचा. मधल्या कडव्यात दोन छोटे आहेत, कारण तिथे वडील म्हणायचे, हे चिमणीचं पाणी पिणं आहे. असं करत करत रूळ भरत आला.

एकदा अध्यक्ष अचानक आलेच. सुताराने चादर टाकून रूळ झाकला. आत्या नळीमागे, वहिनी भात्यामागे.

“झालं का रे?”

“ओलं आहे साहेब. धूळ बसेल.”

“नको नको, बघत नाही. ग्रामोफोन बसवलास?”

“बसवला.”

“आवाज बरा येतो?”

“अजून तरी कुणाची तक्रार नाही,” सुतार म्हणाला. हे खरंच होतं. ग्रामोफोन त्याच्या घरी पलंगाखाली होता.

शेवटच्या ओळीला मात्र गाडी अडली. धून संपते तिथे, सगळ्यात जाड नळीच्या ओळीत, बोटभर अंतरावर दोन ठिपके.

“दोन,” आत्या म्हणाली.

“एक,” वहिनी म्हणाली. “एकच, लांब, संपता संपत नाही असा. त्यावर तर लोक उठायचे. बाकावरून उठायचं की अजून थांबायचं, कळायचंच नाही.”

“टक, टक. दोनदा वाजतं. एकेचाळीस वर्षं मी दांडा फिरवलाय.”

“आणि मी एकेचाळीस वर्षं समोर बसून ऐकलंय.”

“शिकवलं मला होतं बाबांनी. तुला नाही.”

हे बोलायला नको होतं. वहिनीने पक्कड खाली ठेवली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. आत्याने तिथे दोन साधे खिळे ठोकले. डब्यातले मात्र संपले होते. दोन कमी पडले, ते तिने नव्या तारेचे कापून घेतले.

“तुझे दोन हरवले बघ,” ती सुताराला म्हणाली.

“माझ्याकडून खिळा हरवत नाही, आत्या.” तो खरोखरच दुखावला.

उद्घाटनाच्या सकाळी आत्या एकटीच तेल घालायला आली. सुताराने दार उघडून दिलं आणि तो झेंडूची का कसली फुलं दाराला बांधायला निघून गेला. रिकामा डबा कोपऱ्यात पडला होता. नेऊन देऊ म्हणून तिने उचलला. झाकण सैल होतं म्हणून सुताराने त्याला तारेचा कोयंडा केला होता. तार चांगली बोटभर लांब, जुनी, काळपट. दोन्ही टोकं ठोकून ठोकून बोथट झालेली. आत्याने ती ओळखली. स्वतःच्या वडिलांचं अक्षर ओळखावं तशी ओळखली.

तिने तार काढून रुळावरच्या त्या दोन खिळ्यांशी धरली. टोकं वळवायला लागेल तेवढी जास्त, बाकी अंतर बरोबर. सबंध रुळावर एवढी लांब जागा दुसरी नव्हती.

मग तिने अलीकडच्या एका कमानीपाशी दांडा इंचभर पुढे, इंचभर मागे केला आणि ऐकलं. पट्टी उचलली जाताना टक. पट्टी परत पडताना टक. साध्या खिळ्याला हे दोन आवाज एकमेकांत मिसळून जातात; लांब कमानीला वेगळे ऐकू येतात. बाकीच्या कमानींच्या बाबतीत तिने ते केव्हाच ओळखून ठेवलं होतं, कारण त्यांचा सूर मागेही ऐकू यायचा. या जाड नळीचं तोंड मात्र सभागृहाकडे. मागे भात्याच्या धापेत तिचा सूर पोचतच नव्हता, नुसती टकटक पोचायची. एकेचाळीस वर्षं आत्याने धून वाजवली होती. समोर बसून ऐकली एकदाही नव्हती.

तिने दोन खिळे उपटले. तार वाकवली, ठोकली. उपटलेले खिळे परकराच्या खिशात टाकले आणि कुणाला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी सभागृह भरलं. आत्या वहिनीपाशी आली. दोघींत दोन दिवस अबोला होता.

“माझा खांदा धरलाय. दांडा तू फिरव.”

“मी?” वहिनी अबोला विसरली. “मला काय येतंय!”

“शिवणयंत्राचं चाक फिरवतेस तसं. घाई करू नको. आणि थांबू नको.”

आत्या पहिल्या रांगेत सुताराशेजारी जाऊन बसली. तिला तिथे बसून थोरली अनोळखी वाटली. एवढी वर्षं एका घरात राहून माणसाचा चेहरा आज पहिल्यांदा दिवसाउजेडी पाहावा तशी.

फीत कापली गेली. अध्यक्षांनी खूण केली, आणि कवायतीच्या बँडची वाट बघत डोळे मिटून घेतले.

भात्याने श्वास घेतला, आणि धून सुरू झाली. वडिलांची. वहिनी जरा सावकाश फिरवत होती, कापडाची कड दुमडून शिवावी तशी, पण चुकत नव्हती. खेचलेला सूर, मग ढोल. चिमणी पाणी प्यायली. मागच्या रांगांतली म्हातारी माणसं एकमेकांना कोपराने ढोसू लागली. अध्यक्षांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. ग्रामोफोनमध्ये ही तबकडी कुठून आली, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर येऊन उभा राहिला. पण लोकांचे चेहरे पाहून तो तसाच परत गेला.

आणि शेवटचा सूर आला. एकच. जाड नळीतून, पोटातून आल्यासारखा, संपता संपेना. उठावं की थांबावं कळेना. आत्या अर्धवट उठली, परत बसली, आणि तशीच डोळे पुसत राहिली. या वेळी डोळ्यांत काहीही गेलेलं नव्हतं.

टाळ्या थांबायला तयार नव्हत्या. अध्यक्षांनी हात वर करून त्या थांबवल्या आणि स्वतःकडे घेतल्या.

“बंधुभगिनींनो! दोन हजार तीनशे सतरा खिळे या वाद्याच्या अंगात रुतून बसले होते. ते आम्ही काढले, आणि आज तुम्ही ऐकलंत! धून कशी मोकळी झाली!”

सुतार ताडकन उठायला लागला. “सांगतो आत्ता. सगळं सांगतो.”

आत्याने त्याच्या सदऱ्याचं टोक धरून त्याला खाली बसवलं. “सांगितलंस तर उद्या परत काढायला लावतील.”

सुतार बसला. अध्यक्षांनी त्याच सभेत जाहीर करून टाकलं की यश पाहता समिती आता मनोऱ्यावरचं घड्याळ हाती घेत असून त्याच्या आत साचलेली जुनी चाकं लवकरच काढली जातील.

“त्याला कोणता सुतार देणार आहेत, विचारून ठेव,” आत्या पुटपुटली. “तूच घे. आणि डबा मोठा आण.”

थोरलीची किल्लीही सुताराकडेच राहिली, पॉलिशच्या तिसऱ्या हातासाठी. समितीच्या वहीत पुढे चौथा, पाचवा असे हात लागत गेले. दर रविवारी दुपारी एक हात. एवढं पॉलिश झालेलं वाद्य त्या काळात दुसरं नव्हतं.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी दोघी चालत घरी निघाल्या तेव्हा वहिनी आपल्या हातांकडे बघत होती. ते तेलाने काळे झाले होते आणि पहिल्यांदाच तिने त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. आत्या मनातल्या मनात अध्यक्षांना शिव्या घालत होती. दुसऱ्याचं श्रेय ढेकर न देता पचवायचं म्हणजे माणसाला आतडी कसली असावी लागतात!

कोपऱ्यावरच्या दिव्यापाशी वहिनी थांबली.

“ऐक. एकदाच म्हणते, परत म्हणणार नाही.”

“काय?”

“दोनच आहेत गं. शेवटी. मागे उभी होते ना मी, माझ्या या कानांनी ऐकलं. टक, टक. तू म्हणत होतीस तेच खरं.” तिने नाक ओढलं. “समोर बसून मी इतकी वर्षं काय ऐकत होते देव जाणे. मागे उभं राहिल्याशिवाय कळत नाही हेच खरं.”

एकतीस वर्षांत वहिनी ‘तुझं खरं’ असं पहिल्यांदाच म्हणाली होती. मिठाच्या डब्याच्या जागेवरून नाही, खडूच्या रेघेवरून नाही, भावाच्या तापात कोणता डॉक्टर आणायचा होता त्यावरूनही नाही. आत्याने तोंड उघडलं. परकराच्या खिशात दोन खिळे मांडीला टोचत होते.

“मी म्हणतच होते,” ती म्हणाली.

“म्हणत होतीस बाई, म्हणत होतीस.” वहिनी चालू लागली. “खांदा कसा आहे? पुढच्या रविवारी जमेल का दांडा?”

आत्याने खांद्यावर हात नेला. त्याच खांद्याच्या हाताने सकाळी तिने हातोडी चालवली होती. तिने खांदा जरा दाबून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “छे गं. याला वेळ लागेलसं दिसतंय.”